साहेबाचं कपाट, खारपाणपट्ट्यातलं

वाचकांचे प्रश्न : जुनं लाकूड, जुनं सामान

नमस्कार काका,
आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. वाडा जुना, धाब्याचा. आता अर्ध्यावर टिनं टाकली आहेत. दिवाणखान्यात एक मोठं नक्षीचं कपाट आहे. आजेसासऱ्यांनी ते अकोल्याला एका कापूसवाल्या साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावात घेतलं आणि बंडीवर घालून आणलं, असं सासूबाई सांगायच्या. घरात सगळे त्याला साहेबाचं कपाटच म्हणतात. वरच्या पाठीवर द्राक्षांचे घड, मधोमध दाढीवाल्या माणसाचं तोंड, दोन्ही दारांवर उलटे टांगलेले ससे आणि तितर, ड्रॉवरांना सिंहाच्या तोंडात पितळी कड्या. महालक्ष्म्या त्याच खोलीत बसतात, म्हणून ते तीन दिवस सासूबाई सशांवर धोतर टाकून ठेवायच्या. मीही टाकते.

वर इंग्रजी आकड्यांत १६७४ कोरलेलं आहे. घरचे म्हणतात, शिवराज्याभिषेकाच्या वर्षाचं कपाट आहे. खरं असेल का? सुतार म्हणतो लाकूड सिल्व्हर ओक, दीर म्हणतात सागवान. पावसाळ्यात डावं दार अडकतं, उन्हाळ्यात त्याच दाराच्या फळीला चीर पडते. सुतार रंधा मारून देतो म्हणतो. मुलाचं लग्न फेब्रुवारीत आहे; त्याला हा काळा रंग घासून काढून चकचकीत पॉलिश हवं आहे. मागून पिवळसर भुसा पडतो. खाली उजवीकडे राखाडी पत्रा ठोकलेला खोल कप्पा आहे; थंड राहतो म्हणून त्यात मी लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या आणि चिंचेचे गोळे ठेवते. आणि एक व्यापारी येऊन किंमत सांगून गेला आहे, दिवाळीपर्यंत उत्तर द्या म्हणतो. काय करू? फोटो पाठवते आहे.
– एक वाचक, जि. अमरावती

ताई, बाकी सगळं नंतर. आधी तो कप्पा रिकामा करा, आजच.

फोटोत दिसणारा राखाडी पत्रा मला शिशाचा वाटतो. नखानं एका कोपऱ्यात ओरखडा काढून पाहा. पत्रा मऊ लागला आणि ओरखड्याखाली चांदीसारखी चकाकी दिसून ती काही दिवसांत पुन्हा मळकी झाली, तर शिसंच समजा. इंग्रजांच्या जेवणघरातल्या अशा कपाटांत, म्हणजे साइडबोर्डमध्ये, दारूच्या बाटल्या उभ्या ठेवायला एक खोल कप्पा असे. बाटल्या गार राहाव्यात आणि ओल लाकडात उतरू नये म्हणून आतून शिशाचा पत्रा लावत. म्हणूनच तो तुम्हाला थंड लागतो. पण शिसं विषारी आहे, आणि लिंबू, चिंच, मीठ या तिन्हींमुळे ते सुटतं. चिंचेचे गोळे उघडे ठेवले असतील तर फेकून द्या, धुऊन वापरू नका. बरण्या बंद असतील तर बाहेरून नीट धुवा, झाकणाच्या कडा बघा. जिथे खार सांडला असेल तिथे पांढरट पूड जमलेली दिसेल. ती कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपा आणि फडकं टाकून द्या. पत्र्याला पॉलिश पेपर तर कधीच लावू नका. तो उपटायचीही गरज नाही, कप्पा बंद करून कुलूप लावा. घरात लहान मूल असेल किंवा ती चिंच बरेच दिवस रोजच्या भाजीत जात असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. घाबरवायला लिहीत नाही, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला हीच वाटली.

आता १६७४.

हा आकडा मराठी माणसाच्या मनात कुठे जाऊन बसतो ते मी जाणतो, त्यामुळे जपून लिहितो. कपाट १६७४ चं नाही. खाली कपाटं, मध्ये ड्रॉवर आणि वर ही उंच कोरीव पाठ, असा एकसंध साइडबोर्ड तेव्हा इंग्लंडातही बनत नव्हता. ड्रॉवर आणि कप्पे एकाच सांगाड्यात बसवलेला साइडबोर्ड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. शिकारीचे ससे-पक्षी, द्राक्षं, मासे असं सगळं अंगावर घेतलेला, उंच पाठीचा प्रकार व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १८३७ नंतरचा. जेवणाच्या खोलीत ठेवायचं म्हणून शेतात-रानात जे मिळतं आणि ताटात जे येतं ते लाकडावर कोरायचं, अशी ती रीत होती. तुमच्या सासूबाईंनी सशांवर धोतर टाकलं ते त्यांच्या घराच्या रीतीला धरून होतं. कापडानं लाकडाचं काहीच बिघडत नाही, तुम्हीही खुशाल टाका. फक्त ते वर टाचू नका, टाचणीसुद्धा नको.

मग आकडा खोटा का? फोटो मोठा करून पाहिला. द्राक्षांच्या फटींत जो काळपट थर आहे, तोच आकड्यांच्या खोबणीत आहे. म्हणजे आकडा मागाहून कुणी विकण्यासाठी खोदलेला नाही, करणाऱ्यानंच कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आपल्या जुन्या काळाचं मोठं वेड आलं होतं. नवं ओकचं सामान जुन्या धाटणीचं करायचं, त्यावर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे प्रसंग किंवा वर्षं कोरायची. याच वेडातलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे केनिलवर्थ बफे नावाचा साइडबोर्ड. वॉरिक गावच्या कुक्स यांच्या कारखान्यात तो केला, केनिलवर्थच्या एका जुन्या ओक झाडाच्या लाकडातून, आणि १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडला. त्यावर काय कोरलं आहे? पहिल्या एलिझाबेथ राणीची १५७५ सालची केनिलवर्थची भेट. पावणेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट नव्या कोऱ्या लाकडावर. तो आज वॉरिकच्या किल्ल्यात आहे आणि लोक त्याला बनावट म्हणत नाहीत, कारण कोरणाऱ्याच्या हाताला तोड नव्हती. तुमच्या कपाटावरचा १६७४ याच जातीचा आहे. ते राज्याभिषेकाचं वर्ष निघालं हा योगायोग.

खरं वर्ष शोधायचं असेल तर पुढून बघू नका, मागून आणि आतून बघा. एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. त्याच्या तळाच्या किंवा मागच्या फळीवर, जिथे पॉलिश नाही तिथे, बॅटरीचा उजेड आडवा टाका. करवतीचे ओरखडे सरळ, कमी-जास्त असतील तर हातानं कापलेलं. कमानीसारखे वळणदार, सारख्या अंतरावर असतील तर गोल पात्याच्या यांत्रिक करवतीचे. मग बिजागऱ्यांचा एखादा स्क्रू अलगद काढून टोक बघा. टोक बोथट, सपाट असेल तर जुनं. अणकुचीदार टोकाचे यंत्रावरचे स्क्रू १८५० च्या आसपासपासून सर्रास झाले. स्क्रू त्याच भोकात परत घाला, जास्त जाडीचा घालू नका. पितळी कड्यांच्या मागच्या बाजूला एखादा उभा चौकोनी हिरा उमटवलेला आहे का तेही पाहा, टोकाशी छोटं वर्तुळ आणि आत इंग्रजी अक्षरं. इंग्लंडात नमुना नोंदवल्याची ती खूण १८४२ ते १८८३ याच काळात वापरली गेली. नुसता 'आर डी' आणि पुढे नंबर असेल तर १८८४ पासून पुढचं. ही खूण मिळाली तर कोऱ्या कागदावर पेन्सिल घासून तिचा ठसा घ्या आणि मला पाठवा, वर्षाच्या जवळ जाता येईल.

दोन सिंह मात्र मी बराच वेळ पाहत बसलो. डाव्याची आयाळ कानामागून खाली उतरते, उजव्याची गालावर वळून येते. डाव्याच्या कपाळावर तीन आठ्या आहेत, उजव्याच्या दोनच आणि जास्त खोल. १८४५ मध्ये जॉर्डन नावाच्या माणसानं लाकूड कोरायच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं, लंडनच्या पार्लमेंटच्या कामातही तसं यंत्र वापरलं. यंत्रानं काढलेले दोन सिंह एकसारखे निघतात. तुमचे नाहीत. त्यांच्यावर माणसाची पटाशी फिरली आहे, आणि उजवा सिंह केला तेव्हा तो हात जास्त मोकळा झालेला होता असं मला वाटतं. उद्या वर्ष काहीही निघो, घराला अभिमान वाटावा असं हेच आहे.

ते अकोल्यापर्यंत कसं आलं असेल, याला तुमच्या घरची आठवण पुरेशी आहे आणि ती पटण्यासारखी आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. रेल्वे १८६७ ला नागपूरला पोहोचली, १८७० ला जलंबहून खामगावला फाटा गेला. त्याच गाड्यांनी कापसाच्या गाठी मुंबईला जात आणि परत येताना साहेबांचं सामान येई. साहेब गेले, बंगल्यांचे लिलाव झाले, आणि देशमुख-पाटलांच्या वाड्यांत अशी कपाटं, घड्याळं, झुंबरं शिरली. कपाटाच्या पाठीमागे फळ्यांच्या टोकांवर पटाशीनं मारलेल्या रेघा, एक, दोन, तीन, अशा खुणा दिसतील. कुठला तुकडा कुठे बसतो याच्या त्या खुणा. वरची पाठ बहुधा चार-सहा स्क्रूंवर सुटी होते. बंडीवर ते असंच सुटं करून आलं असणार.

लाकूड कोणतं? सुतार आणि दीर, दोघांचंही चुकतं आहे असं फोटोवरून वाटतं. दाराच्या चौकटीच्या फळीवर आडवे, चमकणारे, तुटक पट्टे आहेत. उजेडाची दिशा बदलली की ते चकाकतात आणि विझतात. ओकच्या लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणारे रुंद किरण असतात, आणि ओंडका त्या किरणांच्या दिशेनं चिरला की ते असे पट्ट्यांत दिसतात. सागात इतके रुंद किरण नसतात. शिवाय साग हाताला किंचित तेलकट लागतो, नवा कापला की चामड्यासारखा वास येतो. परतवाड्याच्या वखारींत ज्याचं बालपण गेलं त्याला मेळघाटचा साग डोळे मिटून ओळखता येतो. सिल्व्हर ओकचं म्हणाल तर ते ऑस्ट्रेलियातून आलेलं वेगळंच झाड, चहाच्या मळ्यांत सावलीला लावतात. त्याच्याही फळीवर असेच पट्टे चमकतात, म्हणून सुताराला तसं वाटलं. पण ते लाकूड हलकं आणि मऊ असतं. तुमचा एक ड्रॉवर उचलून बघा, वजन कळेल. आपल्या हिमालयात बांज नावाचा ओक आहे, पण तो सामानासाठी कुणी फारसा वापरत नाही.

लाकूड ओक आहे हे कळलं की दाराचं कोडं सुटतं.

लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. हवेतली ओल वाढली की फुगतं, कमी झाली की आक्रसतं. साग या बाबतीत फार समजूतदार लाकूड आहे. ओक त्याच्या दीड ते दोन पट हलतो. दमट, थंड इंग्लंडात वाढलेलं हे लाकूड तुम्ही पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात ठेवता, मग जुलैत धो-धो पावसात. फूटभर रुंद फळीत एप्रिल आणि ऑगस्ट यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. कोरणाऱ्याला हे माहीत होतं. म्हणून दाराची मधली नक्षीची फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते. तिला आतल्या आत सरकायला जागा असते. तुमच्या डाव्या दाराला चीर पडते आणि उजव्याला नाही, याचं कारण फोटोत दिसतं आहे. डाव्या फळीच्या वरच्या कडेला दोन खिळे ठोकलेले आहेत आणि खाचेत पांढरं काहीतरी भरलेलं आहे. पूर्वी कधीतरी कुणी खडखड थांबवायला फळी जाम करून टाकली. तिला सरकता येईना, म्हणून ती चिरते.

त्यात भर कुलरची. तुमच्या दुसऱ्या फोटोत खिडकीतल्या कुलरचं तोंड थेट कपाटाच्या डाव्या बाजूवर आहे. दिवसभर ओली हवा, रात्री कुलर बंद केला की भट्टीची कोरडी हवा. एवढी उलथापालथ वर्षभरात होणं वेगळं आणि रोज होणं वेगळं. कुलरची जाळी दुसरीकडे वळवा किंवा कपाट समोरच्या भिंतीला न्या. एवढ्यानं अर्धं काम होईल.

राहिलेलं अर्धं जमिनीखाली आहे. तुमच्याकडची चोपण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा टाकते. जुन्या वाड्याचा पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो, आणि फरशीही. चार पायांपैकी एक पाय सुताभर खाली गेला की कपाटाचा सांगाडा पिळतो आणि दार चौकटीत तिरकं होतं. सुताराला सांगा, रंधा पिशवीतच ठेव, लेव्हल बाटली काढ. कपाटावर आडवी आणि उभी लावून बघा, जो पाय खाली असेल त्याच्याखाली सागाची पातळ चकती सरकवा. मग दार लावून बघा. मला खात्री आहे की बरंच मोकळं होईल. रंधा मारून पावसाळ्यात दार नीट बसेल, पण मे महिन्यात त्याच जागी बोटभर फट दिसेल, आणि कापलेलं लाकूड परत येत नाही. ते दोन खिळे मात्र सुताराकडून काढून घ्या. पकडीनं ओढू नका, मागच्या बाजूनं हळू. खिळ्याभोवती निळसर काळं वर्तुळ दिसेल. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की शाई होते ना, तसं ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याचं आणि लोखंडाचं ओल लागली की होतं. तो डाग तसाच राहू द्या. तो घालवायची रसायनं विषारी आहेत आणि नक्षीवर वापरण्याजोगी नाहीत. कुठे सांधा सुटला असेल तर फेविकॉल न लावता सरस लावायला सांगा. जुनं सगळं सरसावर जोडलेलं आहे, आणि सरस पुढे कधी कुणाला दुरुस्तीसाठी सोडवावा लागला तर गरम वाफेवर सुटतो.

आता चिरंजिवांच्या पॉलिशबद्दल. मुलाच्या लग्नात घर चकचकीत दिसावं ही इच्छा अगदी रास्त आहे. पण हे कपाट घासू देऊ नका. कळकळीनं सांगतो.

घासणारे दोन गोष्टी करतील. एक तर कॉस्टिक सोडा लावतील. टॅनिनमुळे ओक त्यानं उलट काळाच पडतो, आणि वर सरसाचे सांधे सैल होतात. नाही तर मशीननं पॉलिश पेपर फिरवतील. सिंहाच्या त्या आठ्या, सशाच्या अंगावरची लव म्हणून मारलेल्या पटाशीच्या बारीक रेघा, पहिल्या तासाभरात गुळगुळीत होतील. मग वरून फवाऱ्यानं जाड लॅकर बसेल आणि द्राक्षांमधल्या फटी बुजतील. मी अशी घासलेली कपाटं पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी काही करता येत नाही. त्यांची किंमतही उतरते, पण मला त्याचं एवढं वाईट वाटत नाही, आठ्यांचं वाटतं.

तुमच्या कपाटाचा काळा रंग तीन गोष्टींचा आहे असं दिसतं: मूळचा गडद रंग, चुलीचा-कंदिलाचा धूर, आणि वर्षानुवर्षं सणाला फिरवलेलं जवसाचं तेल. आपल्याकडे जवस घरचं, म्हणून प्रत्येक लाकडाला तेच. ते वाळून चिवट थर होतो आणि त्यात धूळ बसते. हा वरचा थर काढता येतो, खालच्या रंगाला न दुखवता. डिसेंबरमध्ये करा, हवा कोरडी आणि सौम्य असते. आधी दाढीचा मऊ ब्रश घेऊन नक्षीतली धूळ काढा, वरून खाली. मग दाराच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्यावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन हलकं फिरवा. बोळा काळा-पिवळा होतो आणि खालचं लाकूड चिकट होत नाही, तर तेच पुढे चालवा, एका वेळी हातभर जागा, बोळा सारखा बदलत. स्पिरिट लावू नका. खाली फ्रेंच पॉलिश, म्हणजे लाखेचं पॉलिश, असेल तर स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि सगळं निघून येतं. लाख म्हणजे तीच, जी गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर आणि कुसुमावर येते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ समई-उदबत्ती नको, आणि वापरलेले बोळे ढीग करून ठेवू नका, बाहेर पसरून वाळवा.

मग मेण. मधमाशीचं शुद्ध मेण एक भाग, टर्पेंटाइन तीन-चार भाग. मेण गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, गॅस बंद करा, भांडं अंगणात न्या आणि तिथे टर्पेंटाइन मिसळा. विस्तवाजवळ कधीच नाही. थिजलं की जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यावर अगदी थोडं घेऊन फिरवा, तासाभरानं कोरड्या फडक्यानं घासा. नक्षीत बोटानं कोंबू नका, बुटाच्या मऊ ब्रशनं चमक आणा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मेणाचा थर जाड असेल तर चिकट होऊन धूळ धरतो, म्हणून पातळच. फेब्रुवारीत मांडवात आलेल्या पाहुण्यांना कपाट खोल तपकिरी, हलकं चमकणारं दिसेल, आणि चिरंजीव नाराज होणार नाहीत. मांडवाचे दिवे, फुलांच्या माळा कपाटाला खिळ्यांनी अडकवू देऊ नका. डेकोरेशनवाल्यांना हे आदल्या दिवशीच बजावा.

एक सूचना खास तुमच्या भागासाठी. बोअरच्या पाण्यात फडकं बुडवून कपाट पुसू नका. खाऱ्या पाण्यातलं मीठ पितळी कड्यांना हिरवं करतं आणि लाकडात राहून ओल धरतं. पुसायचंच असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी, फडकं घट्ट पिळून.

भुसा. बारीक पूड पडते पण मातीच्या नळ्या दिसत नाहीत, म्हणजे उधई नाही, लाकूड पोखरणारा भुंगा. मागच्या फोटोत दिसतं की पाठीच्या तीन फळ्या फिक्या, रुंद आणि पुढच्या लाकडाशी न जुळणाऱ्या आहेत. त्या आपल्याकडच्याच कुणीतरी बदललेल्या, आंब्याच्या असाव्यात. आंब्याचं लाकूड भुंग्याला फार आवडतं, ओकच्या पक्क्या गाभ्याला तो सहसा लागत नाही. खाली काळा कागद पसरा, भोकं ब्रशनं साफ करा, आणि महिन्याभरात कागदावर नवी पूड पडते का बघा. पडली तर त्या तीन फळ्या काढून वाड्याच्या एखाद्या जुन्या सागाच्या तुळईतून चिरलेल्या फळ्या बसवा. रॉकेल, डिझेल, काळं ऑइल ओतायचा सल्ला गावात नक्की मिळेल, ऐकू नका. ते आगीला आमंत्रण आहे आणि डाग पुढच्या बाजूला उतरतात. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवा आणि भिंतीपासून चार बोटं अंतर राखा, म्हणजे पुढे उधई लागायची भीती कमी होईल.

राहिला व्यापारी. त्यानं सांगितलेली रक्कम तुम्ही लिहिली नाही, बरं केलं, इथे छापली असती तर त्रास झाला असता. मी एवढंच सांगतो: जो विकत घेणार आहे त्याच्याकडूनच किंमत ठरवून घेऊ नये. आणि लाखो रुपयांची स्वप्नंही नकोत. खुद्द इंग्लंडात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा जड, गडद सामानाच्या किमती बऱ्याच उतरल्या आहेत. कायद्याची बाजूही बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. परवाना दाखवा म्हटल्यावर तो कसा बोलतो ते पाहा. शिवाय वाडा सामाईक असेल तर कपाटही सामाईक आहे, दिरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

माझं मत विचाराल तर विकू नका. गेली काही वर्षं आपल्या भागातल्या वाड्यांची कोरीव दारं, खांब, बंगयांच्या, म्हणजे झोपाळ्यांच्या, कड्या ट्रकमध्ये चढताना मी बघतो आहे. लोकांना पैशांची गरज असते, त्यांना नावं ठेवणारा मी कोण. पण तुम्हाला गरज आहे असं पत्रात कुठे दिसलं नाही, दिसला तो दिवाळीचा तगादा.

––––––

दुसरं पत्र, वर्धा जिल्ह्यातून. मजकूर थोडका: सागवानी टेबलावर गरम चहाची किटली ठेवल्यानं पांढरं वर्तुळ उमटलं आहे, टेबल आजोबांचं आहे, पॉलिश पूर्ण काढावं लागेल का?

नाही लागणार. पांढरं वर्तुळ म्हणजे लाखेच्या पॉलिशमध्ये अडकलेली वाफ. लाकडाला काही झालेलं नाही. आठवडाभर टेबल उघडं, कोरडं राहू द्या, पुष्कळदा आपोआप विरतं. नाहीच गेलं तर मऊ सुती फडक्याला स्पिरिटचा नुसता ओलसरपणा द्या, पिळल्यावर हाताला ओल कळू नये इतका, आणि वर्तुळावरून एकदाच, न थांबता, पुढून मागे न्या. पाच मिनिटं थांबून मगच दुसऱ्यांदा. फडकं एका जागी टेकलं तर लाख उचलली जाईल. वर्तुळ पांढरं नसून काळं असेल, तर पाणी पॉलिशखाली लाकडापर्यंत उतरलं आहे आणि उपाय वेगळा. तसं असल्यास दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढलेला फोटो पाठवा.